खेळा, पण सरका

माझ्या हातात पहिल्यांदा माईक आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि चारचौघांत मोठ्यानं बोलायची मला अजिबात सवय नव्हती. आश्रमशाळेत प्रतिज्ञा म्हणायला मुलींना आळीपाळीनं पुढे उभं करायचे. माझा नंबर आला की माझं पोट दुखायचं. आणि इथे समोर तीनशे माणसं, सगळी घामाघूम, सगळी माझ्याकडे बघत असलेली. सुपरवायझरनं माईकचं बटण दाबून दिलं आणि म्हणाला, "बोल."

मी म्हटलं, "नमस्कार." माझाच आवाज पत्र्याच्या छपराला आपटून परत आला आणि मी दचकले. रांगेतली पोरं हसली.

बोईसरहून चिल्हारच्या रस्त्यानं हायवेला लागलं की थोडं पुढे, टेकड्यांच्या पायथ्याशी तेव्हा ते पार्क नवीन झालं होतं. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि मला नेमलं होतं ती अंधारातली गाडी. आठ माणसांची छोटी गाडी रुळांवरून खोट्या डोंगराच्या पोटात शिरायची. आत काळोख, काळोखात निळं पाणी, मग हजारो काजवे, मग गुरगुरणारा वाघ, आणि शेवटी दार उघडून एकदम उजेडात, तोंडावर पाण्याचा फवारा. चार मिनिटांचं काम. त्या चार मिनिटांसाठी लोक सुट्टीच्या दिवशी दोन-दोन तास उभे राहायचे. तारापूरच्या वसाहतींतली कुटुंबं, कारखान्यातल्या मित्रांचे घोळके, वापी-सुरतेकडून गाड्या करून आलेली मंडळी, शाळांच्या सहली.

लोखंडी कठड्यांमधून सापासारखी वळत जाणारी ती रांग शांत राहावी म्हणून मालकांनी रांगेतच एक खेळ बसवून घेतला होता. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, छातीच्या उंचीला, ताटलीएवढे गोल दिवे. मधूनच एखादा पेटायचा. तो विझायच्या आत त्याच्यावर थाप मारली की आपल्या भिंतीला एक गुण. डावी भिंत विरुद्ध उजवी भिंत, आणि वर मोठ्या फलकावर दोघांचे आकडे. तो खेळ बसवायला आलेला माणूस मला म्हणाला होता, "माणसाचे हात रिकामे राहिले की तो घड्याळ बघतो. घड्याळ बघितलं की भांडतो." ते खरं होतं. दिवे कधी बंद पडले तर दहा मिनिटांत कुठेतरी बाचाबाची लागायची. आणि दिवे चालू असले की एकमेकांना कधी न भेटलेली माणसं, बँकेतले साहेब आणि वेल्डर, आजीबाई आणि कॉलेजातली मुलं, एका भिंतीची होऊन ओरडायची.

पण खेळात रंगलेली माणसं पुढे सरकायची विसरायची. पुढे मोकळी जागा पडायची, मागचे चिडायचे. म्हणून मी माईकवरून म्हणायला लागले, "खेळा, पण सरका. डावी बाजू पुढे आहे, उजवी बाजू झोपली आहे. खेळा, पण सरका." हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तोंडातून आपोआप आलं. लहान मुलं माझ्यामागून तेच म्हणायची. महिन्या-दोन महिन्यांत सुपरवायझर नवीन मुलींना सांगायला लागला, तिच्यासारखं बोला. पोट दुखणारी मी, आणि आता माझ्यासारखं बोला.

रांगेचे नियमही मीच सांगायचे. कठड्याखालून शिरायचं नाही. कठड्यावर बसायचं नाही. आणि एकानं उभं राहून दुसऱ्याची जागा धरायची नाही. जो मागून येईल त्यानं शेवटी जाऊन उभं राहायचं. या शेवटच्या नियमावरूनच सगळ्यात जास्त भांडणं व्हायची. नवरा उभा, बायको पोरांना घेऊन मागाहून येणार. एक मित्र उभा, बाकीचे सहा वडापाव खाऊन येणार. मी गोड आवाजात सांगायचे आणि लोक कुरकुरत का होईना मागे जायचे.

मला स्वतःला तो नियम सुरुवातीला विचित्र वाटला होता. आमचा पाडा विक्रमगडच्या पलीकडे डोंगरात आहे. चैत्रात विहीर तळाला जाते. तेव्हा बायका सकाळी हंडे रांगेत मांडतात आणि निघून जातात, कोणी गुरांमागे, कोणी चुलीपाशी. हंडा ठेवला तिथे ती बाई उभी आहे असंच सगळ्यांनी धरायचं. लहानपणी एकदा मी एकीचा हंडा मागे सारून आमचा पुढे ठेवला. बाबांनी ते बघितलं. मारलं नाही. मला त्या बाईच्या घरी घेऊन गेले, तिला सांगितलं, आणि तिचा हंडा भरेपर्यंत मला विहिरीवर उभं केलं. "हंड्याला तोंड नाय," ते म्हणाले, "म्हणून त्याचं कोणी खायाचं नाय."

माझे बाबा कमी बोलतात. डोंगराच्या उतारावर आमचं थोडं भाताचं, थोडं नागलीचं रान आहे, ते पावसावर. दिवाळी झाली की आई-बाबा वीटभट्टीवर जायचे आणि पाऊस जवळ आला की परत यायचे. मी सहा वर्षांची झाले तेव्हा आईनं मला भट्टीवर न्यायचं बंद केलं आणि आश्रमशाळेत घातलं. बाबा म्हणत होते, अजून एक वर्ष थांबू. आई थांबली नाही. ती मला स्वतः सोडायला आली होती, आणि परत जाताना रडली नाही, हे मला नंतर कित्येक वर्षं खुपायचं.

मला नोकरी लागली त्याच वर्षी आईचे पाय सुजायला लागले. चार पावलं चालली की धाप लागायची. तालुक्याच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या, सूज कधी उतरायची, कधी परत यायची. त्या साली ती दोघं भट्टीवर गेली नाहीत. मी कुंभवलीत कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होते. पार्कची बस सकाळी आम्हाला नाक्यावरून उचलायची. महिन्यातून एकदा मी घरी जायचे.

घरी गेले की आईला एकच ऐकायचं असायचं. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची आणि म्हणायची, "सांग. गाडी आत गेली, मग?"

"मग काळोख."

"किती काळोख? आपल्या कणगीमागं असतो तेवढा?"

"त्याहून जास्त. मग निळं पाणी दिसतं."

"खरं पाणी?"

"खरं. खालून दिवे लावलेत."

"मग काजवे," ती स्वतःच म्हणायची. "आणि वाघ. वाघ खरा वाटतो का गं?"

दर वेळी तेच प्रश्न. मलाही सांगायला आवडायचं, कारण तिथे मी माईक धरलेली नव्हते आणि मला आहे-नाही करत बोलावं लागत नव्हतं. पार्कात पहिल्याच आठवड्यात मी माईकवर "पुढची गाडी येत हाय" म्हणाले होते. वसाहतीतून कामाला येणाऱ्या दोन मुली त्यानंतर चार दिवस "हाय, हाय" करून मला हात हलवत होत्या. तेव्हापासून मी जपून बोलायला शिकले. इतकी जपून की कोणी गाव विचारलं तर मी नुसतं "पालघर" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

दुसऱ्या वर्षी आम्हा कामगारांना घरच्या दोन माणसांसाठी पास मिळाले, सुट्टीचा दिवस सोडून कधीही यावं असे. मी ते आईच्या हातात दिले. तिनं ते उलटसुलट करून बघितले आणि पत्र्याच्या पेटीत, आधारकार्डाच्या पिशवीत ठेवले. "मी उभी कशी राहू गं दोन-दोन तास?" ती म्हणाली.

"गर्दी नसते त्या दिवशी," मी म्हटलं. "आणि मी हाय ना तिथं."

माघ महिन्यातला तो एक बुधवार होता. गर्दी नसते म्हणाले होते, पण त्या दिवशी दोन शाळांच्या सहली आल्या आणि एका कारखान्याची माणसं कुटुंबं घेऊन आली. दुपारी बाराच्या सुमाराला मला रांगेच्या शेपटाशी बाबा दिसले. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. आई कुठे दिसेना. मग दिसली. लांब, पाण्याच्या टाकीजवळच्या झाडाखाली चप्पल काढून बसली होती. तिनं तिची ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, आमच्याकडे बायका नेसतात तशी, गुडघ्यापर्यंत खोचून. केसांत कुठलंसं पिवळं फूल होतं. ती पाळण्यांकडे मान वर करून बघत होती.

मी हात केला नाही. वर चौथऱ्यावर माझ्या शेजारी, गाडीच्या फाटकापाशी, सुपरवायझर उभा होता. आदल्याच आठवड्यात एका मुलीनं तिच्या भावाला बाहेरच्या दारानं आत घेतलं म्हणून तिला कामावरून काढलं होतं. त्यानंतर तो रोज एकेका राईडवर येऊन उभा राहायचा आणि वहीत लिहायचा. मी मनात म्हटलं, बाबा पुढे येतील, आईला बोलावतील, मी दोघांना गाडीत बसवीन, पट्टा लावताना हळूच आईचा हात दाबीन. सगळं नीट ठरवून मी माईकवर बोलत राहिले.

रांग सरकायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांच्या पुढे जमिनीवर एक कापडी पिशवी आहे. आईची पिशवी. बाबा एक पाऊल पुढे टाकायच्या आधी ती पिशवी पायानं हळूच पुढे सारत होते आणि तिच्यामागे एका माणसाची जागा सोडून उभे राहत होते. ती आईची जागा होती. दिवे पेटत होते, माणसं भिंतींवर थापा मारत होती. बाबांच्या बाजूचा एक दिवा पेटला आणि विझला. त्यांनी त्याला हात लावला नाही. त्यांचं सगळं लक्ष पिशवीकडे होतं.

मला तेव्हाच जाऊन सांगता आलं असतं. बाबा, इथे असं चालत नाही, आईला आत्ताच बोलवा, मधल्या वळणावर बाकडं आहे, ती तिथे बसेल. एवढंच. रांगेत फिरून लोकांशी बोलणं माझं कामच होतं. मी गेले नाही. खाली गेले असते तर बाबा मला नावानं हाक मारून बोलले असते, मोठ्यानं, आमच्या बोलीत, आणि सगळ्यांना कळलं असतं. नोकरीची भीती होती, ते खोटं नाही. पण वसाहतीतल्या त्या दोन मुलींपैकी एक समोर गाडीच्या दाराशी उभी होती, आणि मला नोकरीपेक्षा तिचं हसू जास्त दिसत होतं. हे मी त्यानंतर कित्येक दिवस स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

दीड तासानं बाबा शेवटच्या वळणावर आले. त्यांनी मागे वळून टॉवेल हलवला. आई उठली. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातानं कठडा धरत ती रांगेच्या मधल्या वाटेनं येऊ लागली. चार माणसं ओलांडली की थांबायची, श्वास घ्यायची, लोकांकडे बघून हसायची. काही जणांनी बाजूला होऊन वाट दिली. ती बाबांपर्यंत पोचली, पिशवी उचलून खांद्याला लावली, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"अरे, ये बीच में कैसे घुस गए?" मागून एक माणूस ओरडला. "दीदी! ओ दीदी, देखो इधर!"

"थैली का भी नंबर लगता है क्या?" दुसरा म्हणाला आणि चार-पाच जण हसले. एका बाईनं मराठीतून सुरुवात केली, आम्ही लहान मुलं घेऊन उभे आहोत, ही काय पद्धत झाली. बाबा मागे वळून हात जोडत म्हणाले, "ती आमच्यासोबत हाय. सकालपासून हाय. ही तिची जागा हाय." कोणाला ते पटण्यासारखं नव्हतं.

सुपरवायझरनं माझ्याकडे बघितलं. "सांग त्यांना," तो म्हणाला.

माईक माझ्या तोंडाशीच होता.

"काकू," मी म्हटलं, "तुम्ही मध्ये येऊ नका. रांगेच्या शेवटी जा."

माझा आवाज गोड होता. रोज असायचा तसाच.

आई हसली. मला वाटतं तिला आधी तो खेळातलाच काहीतरी भाग वाटला, कारण माईकवर मी खेळाचंच बोलते हे तिला माहीत होतं. ती हसत माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या शेजारच्या सुपरवायझरकडे बघितलं, गाडीच्या दाराशी उभ्या मुलीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. तिचं हसू गेलं नाही, पण बदललं. अनोळखी माणसाशी बोलताना असतं तसं झालं.

"चुकलं, मॅडम," ती म्हणाली. "आमाला ठाव नव्हतं."

आणि वळली.

बाबा वळले नाहीत. त्यांना मागे जायची गरजच नव्हती, ते रांगेतूनच आले होते. ते नुसते माझ्याकडे बघत उभे होते. आईनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरून ओढली. मग दोघं त्या अरुंद वाटेनं उलटे निघाले. पुढे यायला बनवलेली वाट ती, दोन माणसं जेमतेम मावतील अशी. माणसं कठड्याला पाठ टेकून त्यांना जागा देत होती. आईच्या खांद्यापाशी एक दिवा पेटला तेव्हा एका मुलीनं तिच्यावरून हात नेऊन त्याच्यावर थाप मारली. डावी बाजू जिंकली. पोरं ओरडली. फलकावर आकडे शून्य झाले आणि नवा डाव सुरू झाला.

रांगेत माझ्यासमोर दोन माणसांची मोकळी जागा पडली होती.

"खेळा, पण सरका," मी म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत मी धावत मोठ्या फाटकापर्यंत गेले. मला वाटलं होतं, ती दोघं शेवटी जाऊन उभी राहिली असतील, किंवा झाडाखाली बसली असतील. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "ते म्हातारे? मघाशीच गेले. बाईला चालवत नव्हतं, इथे माझ्या खुर्चीवर बसवलं थोडा वेळ. पाण्याची बाटली भरून घेतली." मी विचारलं, काही म्हणाले का? तो म्हणाला, "बाई विचारत होती, इथल्या पोरींना दिवसभर उभंच राहावं लागतं का?"

बाबांचा फोन लागत नव्हता. पाड्यावर रेंज नसते, त्यामुळे तो लागला नाही याचा काहीच अर्थ नव्हता, तरी मी संध्याकाळपर्यंत लावत राहिले.

त्याच शनिवारी मी घरी गेले. मस्तान नाक्याला उतरून टमटम मिळेपर्यंत आणि पुढे सगळ्या वाटेत मी बोलायचं पाठ करत होते. आई ओट्यावर बसून वाल सोलत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? पाय धू. मी बोंबील भाजते." बाबा रानात होते, आले, जेवले, परत गेले. मी तिच्याजवळ बसून वाल सोलायला लागले. तोंडाशी शब्द यायचे आणि मी शेंग फोडायचे. शेवटी तीच म्हणाली, "पाय लय दुखत असतील तुझे. मीठ घालून गरम पाण्यात ठेवत जा."

"आई, त्या दिवशी..."

"पुढल्या टायमाला सकाळी लवकर येऊ," ती म्हणाली. "गर्दी व्हायच्या आत. काय?"

"हो," मी म्हटलं.

एवढंच झालं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं. मी मनात म्हटलं, तिनं धरून ठेवलेलं नाही. पुढल्या वेळी घेऊन जाईन, हात धरून, सगळ्यांसमोर. पण होळीनंतर तिची सूज पोटापर्यंत चढली. पालघरच्या दवाखान्यात नेलं, तिथून ठाण्याला जा म्हणाले, ठाण्याला पंधरा दिवस ठेवलं. मी रजा काढून तिच्या खाटेशी बसायचे. तिथेही बोलता आलं असतं. पण आजारी माणसाशी काय बोलायचं, बरी होऊ दे, असं करत राहिले. पावसाच्या तोंडावर तिला घरी आणलं. श्रावणात ती गेली.

दिवसकार्याला पाड्यातल्या सगळ्या बायका आमच्या अंगणात बसल्या होत्या. आईच्या गोष्टी निघाल्या. भट्टीवर तिनं एकदा मुकादमाला कसं गप्प केलं होतं, तिची भाकरी कशी फुगायची. मग एक म्हातारी मला म्हणाली, "पण पोरी, तू आईचं केलंस हां. त्या गाडीत बसवलीस तिला."



"लय सांगायची," दुसरी म्हणाली. "पाऊस लागल्यावर दुपारी काम नसलं की आमी सगळ्या तिच्या ओट्यावर. सांग गं गाडीचं, बोललं की सांगायची."

"गाडी आत गेली की कणगीमागं असतो त्याहून काळोख, बोलायची. मग निळं पाणी."

"आणि काजवे."

"वाघ असा गुरगुरला की नवऱ्याचा हात धरला, बोलायची!" सगळ्या हसल्या, दिवसकार्य असूनही हसल्या. "आत ओल्या मातीचा वास येत होता, बोलायची. रोहिणीत येतो तसा."

अंधारातल्या गाडीत मातीचा वास येत नाही. तिथे रबराचा आणि ग्रीसचा वास येतो. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मातीचा वास तिचा होता.

"आणि लोकं रांगेत उभी होती ना," म्हातारी म्हणाली, "दोन-दोन तास. पण पोरीनं मला बघितलं, बोलायची, आणि मायकात सगळ्यांना सांगितलं, ही माझी आई हाय, तिचे पाय दुखतात, तिला पुढं येऊ द्या. आणि लोकांनी वाट दिली. सगळी बाजूला झाली. असं सांगायची."

मी उठले आणि घरामागे गेले. बायकांना वाटलं, रडायला गेली. तशी मी रडलेही असेन. मला आठवतं ते एवढंच की मागच्या कुडाला आईनं शेणानं सारवलेल्या बोटांचे ठसे होते आणि मी त्यांच्यावर माझी बोटं ठेवून बघत होते.

आठ दिवसांनी मी शेजारच्या मावशीला सगळं सांगितलं. ती आईची लहानपणापासूनची मैत्रीण. ती सुपात नागली पाखडत होती. मी सांगितलं, मावशी, आई गाडीत बसलीच नव्हती. मी बसू दिलं नाही. मी तिला काकू म्हणाले आणि मागे पाठवलं.

मावशीनं सूप खाली ठेवलं.

"आणखी कोणाला बोललीस?"

"नाय."

"मग नको बोलू." तिचा आवाज कडक होता. "मेलेल्या बाईला खोटी पाडतंस? तुझं ओझं उतरावं म्हणून?"

"मावशी, पण ते खरं नाय."

"ती सांगायची तेव्हा तिचं तोंड कसं व्हायचं ते तू नाय बघितलंस," मावशी म्हणाली. "आमी बघितलं हाय." आणि तिनं सूप परत उचललं.

तेवढ्यात तिची नात आतून आली, सात-आठ वर्षांची. दारात उभी राहून मला विचारायला लागली, वाघ आला तेव्हा तुझी आई घाबरली होती का? मावशी पाखडायची थांबली.

"थोडीशी," मी म्हटलं. "मग हसली."

पार्कातली नोकरी मी गणपतीच्या आधी सोडली. आता मी बोईसरला एका कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावते. तिथे फारसं बोलावं लागत नाही. ज्या थोड्या बायकांशी बोलते त्यांच्याशी हाय-नाय करूनच बोलते.

बाबांनी या सगळ्यात त्या बुधवारचा विषय एकदाही काढला नव्हता. मी आले की जेवलीस का, बस मिळाली का, एवढं विचारायचे. भातकापणीला मी सुट्टी काढून गेले. आई असताना ती दोघं कापायची. आता बाबा एकटे होते. आम्ही सकाळी दवातच सुरुवात केली. ते पुढे, मी दोन हात मागे. एक खाचर झालं, दुसऱ्याला लागलो, आणि ते न थांबता, माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"तू तिला मागं जा बोललीस ते मी मनात धरलं नाय. तुझी नोकरी होती. तिथला नेम तसा, तर तसा."

मी कापत राहिले.

"मागं जा आई, असं बोलली असतीस तर ती हसत गेली असती. मी बी गेलो असतो. परत दोन तास उभा राहिलो असतो. मला काय काम होतं?"

विळा माझ्या हातात तसाच राहिला.

"काकू बोललीस तू," बाबा म्हणाले. "वाटेत ती टमटममधे मला बोलली, पोरीचं नाव खराब होऊ देऊ नको, घरी कोणाला सांगू नको. मी नाय सांगितलं. पण मला ते इसरता येत नाय. मी लय बघितलं इसरून."

"चुकलं माझं, बाबा."

"तिला बोलायचं होतंस ते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. त्यांनी कापलेली मूठ बाजूला ठेवली, कमरेवर हात देऊन एकदा आभाळाकडे बघितलं आणि परत वाकले.

"हात चालव," ते म्हणाले. "ऊन चढायच्या आत हे खाचर व्हायला पायजे."

मी वाकले. दुपारपर्यंत आम्ही ते पुरं केलं.